आवक डबा, जावक अल्बम

धाराशिवच्या एका मंगल कार्यालयात जुनी नाणी, पोस्टाची तिकिटं, काडेपेट्यांवरची चित्रं आणि क्रिकेटची कार्डं यांचं दोन दिवसांचं भव्य प्रदर्शन व विक्री होणार आहे, ही बातमी मल्लिकार्जुनरावांनी पेपरात तीनदा वाचली. एकदा मनात, एकदा मोठ्यानं आणि एकदा बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून. शिवरंजनीबाईंचे हात ज्वारीच्या पिठात होते. त्यांनी उभ्या उभ्याच बातमी ऐकली आणि विचारलं, "मग? तुमाला मांडून ठेवनार हायत का तिथं?"

असल्या बोलण्याला मल्लिकार्जुनराव उत्तर देत नसत. ते एका सरकारी कार्यालयात आवक-जावक विभागाचे लिपिक होते. बाहेरून येणारा प्रत्येक कागद आधी त्यांच्या रजिस्टरात उतरायचा, त्याला नंबर पडायचा आणि मगच तो पुढच्या टेबलावर जायचा. गेल्या वीस वर्षांत नंबर नसलेला एकही कागद त्यांनी पुढे जाऊ दिला नव्हता. नंबर पडलेला कागदही फार पुढे जात नसे, पण तो त्यांचा विभाग नव्हता.

अशा काटेकोर माणसाच्या स्वतःच्या कपाटात मात्र तीस वर्षं एक नंबर रिकामा होता. सत्तेचाळीस.

झालं होतं असं. मल्लिकार्जुनराव माकणीला शाळेत असताना 'डबल फुगा' नावाचं च्युइंगगम मिळायचं. पाकिटात एक गम आणि एका क्रिकेटपटूचं कार्ड. अशी चौसष्ट कार्डं जमली की संच पूर्ण. मल्लिकार्जुनरावांच्या वडिलांचं, माणिकप्पांचं, गावात किराणा दुकान होतं, त्यामुळे ते इतर पोरांच्या चार पावलं पुढं होते. कार्डं सगळ्यांची सारखीच दिसत, भांडणं होत. म्हणून मल्लिकार्जुनरावांनी प्रत्येक कार्डाच्या पाठीवर दुकानाचा गोल शिक्का मारून ठेवला होता. 'माणिकप्पा किराणा भांडार, मु. पो. माकणी.' शिक्क्याची गोडी त्यांना तेव्हापासूनची.

तो शिक्का तसा घरातला कर्ता पुरुषच होता. दुकानात कुणी खराब वस्तू परत आणली की माणिकप्पा दुसरी देत, पण देताना तिच्यावर शिक्का मारत आणि त्याखाली कानडीत एक 'मा' काढत. म्हणजे हा माल एकदा बदलून दिलेला आहे, आता हाच साबण घेऊन पुन्हा यायचं नाही. साबण झाले, बिस्किटांचे पुडे झाले, एकदा तर नारळाची शेंडी बाजूला करून त्यावरही शिक्का उमटवायचा प्रयत्न झाला होता. माकणीत तो 'मा' ओळखत नाही असं घर नव्हतं.

तर, चौसष्टपैकी चौसष्ट कार्डं जमली आणि चार दिवसांत सत्तेचाळीस नंबर नाहीसा झाला. कुठल्याशा परदेशी संघाचा डावखुरा यष्टिरक्षक होता तो. त्याचं नाव आज त्याच्या गल्लीतही कुणाला आठवत नसेल. अल्बम शेवटचा हातात घेतला होता बाकावर शेजारी बसणाऱ्या सोमलिंगनं. मल्लिकार्जुनरावांनी दुसऱ्या दिवशी शाळेत, तिसऱ्या दिवशी पारावर आणि चौथ्या दिवशी थेट सोमलिंगच्या आईला, गंगम्माला, सांगितलं. गंगम्मा सरळ बाई. तिनं पोराला दुकानासमोर आणून केरसुणीनं झोडपलं. कार्ड काही निघालं नाही, पण सोमलिंगला नाव पडलं : सत्तेचाळीस. अजूनही माकणीत 'सत्तेचाळीसचं घर कुठलं?' म्हटलं की लोक बोट करतात.

पुढं दोघंही पोटापाण्याला धाराशिवला आले. सोमलिंगनं मंडप आणि खुर्च्यांचा धंदा टाकला. लग्नाकार्यात दोघं समोरासमोर यायचे. एक जण पंगतीत जेवत असायचा आणि दुसरा खुर्च्या मोजत असायचा. अशा वेळी दोघंही पंख्याकडं बघायचे. तीस वर्षांत शब्द नाही.

"सत्तेचाळीस तिथं असणार," मल्लिकार्जुनराव पेपरची घडी घालत म्हणाले.

"असू द्या की. आधी माजे लग्नाचे फोटो त्या अल्बममधी घाला," शिवरंजनीबाई म्हणाल्या. हा वाद जुना होता. लग्नात आलेला चांगला जाड अल्बम कार्डांना गेला होता आणि वधूवरांचे फोटो बारा वर्षं साडीच्या दुकानाच्या पिशवीत, नॅप्थॅलीनच्या गोळ्यांसोबत होते.

वरच्या मजल्यावर उत्तरेश्वरराव राहत. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. माणसाला सुट्टे पैसे देणं आणि सल्ला देणं यांत त्यांनी आयुष्यभर फरक केला : सुट्टे कधी दिले नाहीत. त्यांच्या सल्ल्यानं आजवर बिल्डिंगमधल्या दोन कुटुंबांच्या पाण्याच्या टाक्या गळायला लागल्या होत्या. तरीही नवीन काही करायला निघालेला माणूस त्यांच्या पायरीवर जायचाच, आणि मल्लिकार्जुनरावही गेले.

"मालक, नीट ऐका," उत्तरेश्वरराव म्हणाले. "पयली गोष्ट, जुनं सामान घ्याला जाताना जुनीच कापडं घालायची. इस्त्रीचा शर्ट बघितला की भाव डबल. दुसरी, आवडलेल्या वस्तूकडं बघायचंच न्हाय. भलतीचाच भाव इचारायचा. आन् तिसरी, अल्बम नेताय ना दाखवायला? मग दारावर अल्बम म्हनू नका. स्टॉलवाले समजून फी घेत्यात. डबा म्हना, डबा."

"पण खोटं..."

"पिशवीत डबा पन ठेवा की. मग खोटं कसं?"

हा मुद्दा बिनतोड होता. रविवारी सकाळी मल्लिकार्जुनराव कोपरावर विरलेला शर्ट आणि दिवाळीत रंग देताना वापरलेली पँट घालून निघाले. पाकीट, त्यातलं आधार कार्ड, कार्यालयाचं ओळखपत्र, सगळं चांगल्या पँटीच्या खिशात घरीच राहिलं. पैसे मात्र त्यांनी पायातल्या मोज्यात ठेवले होते. ही चौथी सूचना होती, ती मी सांगायची विसरलो.

मंगल कार्यालयाच्या दाराशी टेबल टाकलेलं होतं, टेबलावर रजिस्टर आणि रजिस्टराच्या मागं एक सडपातळ, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. टेबलावर पाटी : 'इंद्रजित गुरुजी, नोंदणी प्रमुख. सोबत आणलेल्या वस्तूंची नोंद आवश्यक.' मल्लिकार्जुनरावांना यांना कुठंतरी पाहिल्यासारखं वाटलं. पण रोज शंभर माणसं त्यांच्या खिडकीशी यायची, आणि खिडकीतून माणसाचा फक्त हात दिसतो.

"नाव?"

नाव सांगितलं. गुरुजींनी मान वर करून एकदा नीट पाहिलं आणि लिहिलं.

"सोबत काय?"

"काही नाही. डबा."

"डब्यात काय?"

"ते पण लिहायचं?"

"वस्तूचं वर्णन, असा रकाना आहे."

"भाकरी. आणि शेंगाची चटणी."

"भाकरी किती?"

मल्लिकार्जुनरावांच्या मनात या माणसाबद्दल एक प्रकारचा आदर उत्पन्न झाला. "दोन," ते म्हणाले. गुरुजींनी सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं : आवक. डबा, नग एक. भाकरी दोन, शेंगाची चटणी. खाली मल्लिकार्जुनरावांची सही घेतली. मल्लिकार्जुनरावांनी ती न वाचता केली, कारण रजिस्टर आपण ठेवायचं असतं, आपण त्यात जायचं नसतं, अशी त्यांची वीस वर्षांची समजूत होती.

आत मोठी गर्दी. लग्नात जिथं जेवणावळी बसतात तिथं टेबलं मांडलेली होती. निजामाच्या काळातली नाणी होती, पोस्टाची तिकिटं होती. मल्लिकार्जुनराव थेट कार्डांच्या पहिल्या टेबलाशी गेले आणि आपला अल्बम उघडून ठेवला. टेबलामागचा जाणकार चष्मा लावून पानं उलटत गेला. "वा," म्हणाला. "काय जपलंय!" मल्लिकार्जुनरावांची छाती वर आली, कोपरावरची चीर थोडी अजून उसवली. मग जाणकारानं एक कार्ड बाहेर काढून उलटं केलं.

"हे काय आहे?"

"शिक्का. माझ्या वडिलांच्या दुकानाचा."

"सगळ्यांवर?"

"सगळ्यांवर. मी स्वतः मारलेत."

जाणकारानं चष्मा काढला. दवाखान्यात रिपोर्ट बघून डॉक्टर काढतात तसा. "शिक्का मारलेल्या कार्डाला किंमत नसते हो," तो हळू आवाजात म्हणाला. "हे म्हणजे आता तुमच्या घरचं सामान झालं." शेजारी उभी असलेली दोन माणसं कळवळून बघत होती. मल्लिकार्जुनरावांनी अल्बम मिटला. आयुष्यभर लोक त्यांच्याकडं शिक्का मारून मागायला आले होते; शिक्क्यामुळं एखाद्या वस्तूची किंमत जाते, हे ते पहिल्यांदाच ऐकत होते.

या अपमानात ते हॉलच्या टोकापर्यंत गेले, आणि तिथं, लातूरच्या एका विक्रेत्याच्या टेबलावर, कडक प्लॅस्टिकच्या डबीत तो उभा होता. डावखुरा यष्टिरक्षक. सत्तेचाळीस.

मल्लिकार्जुनरावांनी हात पुढं केला. पण उत्तरेश्वररावांची दुसरी सूचना त्यांना आठवली. त्यांनी यष्टिरक्षकाकडं पाठ केली आणि मोठ्या उत्साहानं काडेपेटीवरच्या एका मोराच्या चित्राचा भाव विचारला. मग हत्तीचा. मग एका घड्याळाचा, जे बंद होतं. विक्रेता हुशार, त्यानं मोर, हत्ती आणि सोबत नऊ चित्रं बांधूनच दिली. अकरा काडेपेट्यांची चित्रं विकत घेऊन मल्लिकार्जुनराव वळले तर एक जाडजूड गृहस्थ सत्तेचाळीस नंबरची डबी उचलून उजेडात धरत होते.

"ओ! ठेवा ते! माझं हाय ते!"

सगळा हॉल वळला. जाडजूड गृहस्थांनी घाबरून डबी खाली ठेवली. मल्लिकार्जुनरावांनी ती दोन्ही हातांनी छातीशी धरली. विक्रेत्यानं खिशातून पेन काढलं आणि डबीवरच्या चिठ्ठीतला आकडा शांतपणे खोडून नवा लिहिला.

"निम्म्यात द्या की," मल्लिकार्जुनराव म्हणाले.

"तुमचंच हाय म्हणल्यावर निम्म्यात कसं घ्याल?" विक्रेता म्हणाला. "मागं जरा शाईचा डाग हाय म्हणून येवढ्यात देतोय. न्हायतर हे कार्ड मिळत न्हाय कुठं. सोलापूरच्या एका भंगारवाल्याच्या ढिगात घावलं मला."

मल्लिकार्जुनरावांनी डाग पाहिला नाही. डबीच्या पाठीवर विक्रेत्याची मोठी चिठ्ठी चिकटवलेली होती, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्या क्षणी डाग, खड्डा, आग, काहीही चाललं असतं. त्यांनी खाली वाकून बूट काढला, मोजा काढला आणि पैसे दिले. विक्रेत्यानं ते दोन बोटांत धरून घेतले आणि पावती लिहिली.

मग हॉलच्या मागच्या पायरीवर बसून त्यांनी दोन्ही भाकरी खाल्ल्या. इतकी गोड भाकरी त्यांनी कित्येक वर्षांत खाल्ली नव्हती. घरी जाऊन सत्तेचाळीस नंबर त्याच्या खणात घालायचा, शिवरंजनीसमोर, म्हाताऱ्या वडिलांसमोर, म्हणजे अप्पांसमोर, आणि मग अल्बम मिटायचा. तीस वर्षांचं काम संपणार होतं.

दारावर इंद्रजित गुरुजींनी हात आडवा केला.

"पिशवी."

पिशवीतून निघाली अकरा चित्रं, पावती आहे. एक कार्ड, पावती आहे. एक डबा, रिकामा, आवक नोंद आहे. एक अल्बम, कार्डं त्रेसष्ट.

"याची पावती?"

"तो माझाच आहे."

"आवक नोंद?"

"केली नाही."

गुरुजींनी रजिस्टर फिरवून त्यांच्यापुढं ठेवलं. "सकाळी डबा आत गेला. भाकरी दोन. आता अल्बम बाहेर निघतोय. डब्याचा अल्बम कसा झाला?"

मागं रांग थांबली. रांगेतल्या लोकांना हा प्रश्न फारच आवडला. मागच्यांनी पुढच्यांना तो पुन्हा सांगायला लावला. मल्लिकार्जुनरावांनी आपलं पद सांगितलं. गुरुजींनी त्यांच्या शर्टाच्या कोपराकडं पाहिलं. ओळखपत्र मागितलं. ते चांगल्या पँटीत होतं. मल्लिकार्जुनरावांनी घरी फोन लावला आणि शिवरंजनीबाईंनी हसू आवरत आधार कार्डाचा फोटो पाठवला.

"मोबाईलमधली प्रत ग्राह्य नाही," गुरुजी म्हणाले. "मूळ प्रत हवी."

"पण हे म्हणजे फारच..."

"हे वाक्य तुमचंच आहे. मागच्या मार्चमध्ये मी तुमच्या खिडकीशी तीन वेळा आलो होतो. पहिल्यांदा मूळ प्रत नव्हती. दुसऱ्यांदा मूळ प्रत होती, पण आवक नंबर नव्हता. आवक नंबर का नव्हता, तर तुम्ही जेवायला गेला होता. तिसऱ्यांदा तुम्ही मला सांगितलंत, गुरुजी, नियम म्हणजे नियम. मला पटलं. तेव्हापासून मी तसाच वागतो." यात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. गुरुजी खरोखर शिकले होते.

"शिक्का बघा," मल्लिकार्जुनराव काकुळतीला येऊन म्हणाले. "प्रत्येकावर माझ्या वडिलांच्या दुकानाचा शिक्का आहे. माकणी."

"दुकानाचा आहे. पण तुम्ही त्या दुकानाचे, याला साक्षीदार? नात्यातला नको, मूळ गावचा हवा." गुरुजींनी हॉलमध्ये नजर फिरवली आणि हाक मारली, "ओ सोमलिंग! तुम्ही माकणीचे ना?"

खुर्च्या मोजणारा एक माणूस थांबला. प्रदर्शनाच्या खुर्च्या, टेबलं आणि मंडप सोमलिंगचाच होता. मल्लिकार्जुनराव सकाळपासून त्याच्याच टेबलांवर वाकत होते. सोमलिंग जवळ आला. त्यानं अल्बम पाहिला आणि मग तीस वर्षांत पहिल्यांदा, पंख्याकडं न बघता, मल्लिकार्जुनरावांकडं पाहिलं.

आता हा काय म्हणेल यावर मल्लिकार्जुनरावांचा अल्बम, अब्रू आणि सोमवारचं कार्यालय, सगळं टांगलेलं होतं. या माणसानं नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. 'मी नाही ओळखत' म्हटलं असतं तर त्याला दोष देता आला नसता.

"ह्यांचाच हाय," सोमलिंग म्हणाला.

"खात्री?"

"गुरुजी, बावीस नंबरचं कार्ड काढा. कोपऱ्याला त्याल लागलंय. शेंगाचं त्याल, माज्याच हाताचं. एकतीस नंबर दुमडलेलं हाय, त्ये ह्यांच्या शाळेच्या पिशवीत पाण्यात गेलतं." गुरुजींनी काढलं. तेल होतं. घडी होती. "लहानपनी म्या ह्ये रोज बघत हुतो. चौसष्ट कार्डं तोंडपाठ हायत. न्हाय, त्रेसष्ट. एक म्या चोरलं म्हंत्यात लोक."

हे त्यानं अगदी सरळ सांगितलं, हवापाण्यासारखं. मल्लिकार्जुनराव पायाकडं बघत होते. एका पायात मोजा नव्हता.

गुरुजींचं समाधान झालं. पण काम अर्धवट सोडणाऱ्यांतले ते नव्हते. त्यांनी विक्रेत्याची पावती पुन्हा वाचली. "कार्ड नंबर सत्तेचाळीस, मागे शाईचा डाग. डाग कुठं आहे?" त्यांनी डबी उघडली, कार्ड बाहेर काढलं आणि पालथं करून टेबलावर ठेवलं.

डाग गोल होता. पुसट, जांभळा. 'माणिकप्पा किराणा भांडार, मु. पो. माकणी.' आणि त्याखाली बॉलपेननं काढलेला, घट्ट, एक कानडी 'मा'.

दोघांनी एकदमच वाचलं. दोघांच्याही घरी तो 'मा' असलेला साबण कितीदा तरी आला होता.

"ह्ये तर अप्पांनी बदलून दिलंय," सोमलिंग अगदी हळू म्हणाला.

मल्लिकार्जुनरावांनी घरी पुन्हा फोन लावला. अप्पांना कमी ऐकू येत होतं, म्हणून आवाज मोठा ठेवावा लागला, म्हणून सगळ्या रांगेनं ऐकलं.

"अप्पा, सत्तेचाळीस नंबरचं कार्ड तुम्ही कुणाला दिलं होतं?"

"व्हय, दिलतं," पलीकडून आवाज आला, जणू कालचीच गोष्ट. "भूमचे पाव्हणे आलते, त्यांच्या पोरीला डबल फुगा दिला, तर पाकिटात निसता गम. कार्डच न्हाय. पाकीट फोडून, कार्ड काढून, खळ लावून परत कोन चिकटवत हुतं दुकानात? मला म्हायीत न्हाय व्हय? गिऱ्हाइकाचा माल हुता त्यो. म्या तुजा अल्बम उघडला, हाताला आलं त्ये काढलं, मा केलं आन् दिलं बदलून. दस्तूर म्हंजी दस्तूर."

"मला का नाही सांगितलं?"

"म्या दुसऱ्या दिवशी मालाला सोलापूरला गेलो, आठ दिसानं आलो. तू सगळ्या गावाला इचारलंस, बाबा. मला कवा इचारलंस?"

"आणि सोमलिंगशी आमचं वाजलं ते?"

"मला वाटलं आऊट-नॉटआऊटवरनं वाजलंय तुमचं."

"त्याला सत्तेचाळीस म्हणतात ते?"

"त्ये व्हय. मला वाटलं गणितात तेवढे मार्क पडलेत."

फोन बंद झाला. रांगेत कुणी हसलं नाही. मल्लिकार्जुनरावांना लाज वाटली. कानापर्यंत, साधी, लहान पोराला वाटते तशी. चोर सापडला होता. तो तीस वर्षं अल्बम उघडून रिकाम्या खणाकडं बघत उसासे टाकत होता. त्यांना माफी मागायची होती. पण माफी मागायची त्यांना सवयच नव्हती; त्यांच्या खिडकीशी ती नेहमी समोरचा मागायचा. शेवटी त्यांना येत होतं तेच त्यांनी केलं.

"गुरुजी, रजिस्टरात शेऱ्याचा रकाना आहे का?"

"आहे. आजवर कुणी भरला नाही."

मल्लिकार्जुनरावांनी गुरुजींचं पेन घेतलं, उभ्यानंच वाकले आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'सदर कार्ड क्र. ४७ हे सोमलिंग महालिंगप्पा, रा. माकणी यांनी घेतलेले नव्हते. त्यांच्यावर विनाकारण आळ घेण्यात आला. मूळ कार्ड खाली सही करणाऱ्यानेच पाकीट फोडून काढलेले होते. सकाळची डब्याची नोंदही अपुरी आहे.' खाली सही केली, तारीख घातली.

"याला नंबर द्या, गुरुजी," ते म्हणाले. "नंबर नसेल तर पुढं जात नाही."

गुरुजींनी नंबर दिला. सोमलिंगनं सगळा शेरा बोट ठेवून दोनदा वाचला. मग विचारलं, "ह्याची झेरॉक्स मिळंल का? आईला दाखवायची हाय."

मल्लिकार्जुनरावांनी हातातलं कार्ड पुढं केलं. हात त्यांच्या मनाविरुद्ध पुढं जात होता, हे उभ्या रांगेला दिसत होतं. "हे पण ने. तिला 'मा' दाखव. मग... सवडीनं परत दे."

"देतो की, मल्ल्या," सोमलिंग म्हणाला. तीस वर्षांत त्यांना कुणी मल्ल्या म्हटलं नव्हतं.

आठ दिवस झाले, पंधरा झाले, सवड काही होईना. मल्लिकार्जुनराव रोज कार्यालयातून येऊन रिकाम्या खणाकडं बघत. शेवटी चौथ्या रविवारी शिवरंजनीबाईच म्हणाल्या, "चला, जाऊन येऊ. न्हायतर तुमी सोमलिंगकडं स्मरणपत्र पाठवाल." रविवारी सोमलिंग माकणीला आईकडं असायचा, आणि अप्पांनाही गावी यायचं होतं. गंगम्मा ओसरीवर बसलेली होती, वाकलेली, पण आवाज तोच. तिनं मल्लिकार्जुनरावांना समोर उभं केलं आणि नखशिखांत न्याहाळलं.

"आलास? केरसुनी हाय अजून घरात. तवा गलत मानसाला बसली. तुजी बारी ऱ्हायलीय."

मल्लिकार्जुनराव खाली वाकले. गंगम्मानं पाठीत एक धपाटा घातला, हातानंच, पण दुकानापर्यंत ऐकू जाईल असा, आणि मग आत जाऊन सगळ्यांना गव्हाची गोड हुग्गी वाढली. जेवणं झाल्यावर सोमलिंग उत्साहानं उठला. "बघ की, कसं करून घेतलंय!"

भिंतीवर, देवाच्या फोटोशेजारी, ते होतं. एका बाजूला शेऱ्याची झेरॉक्स, दुसऱ्या बाजूला कार्ड नंबर सत्तेचाळीस, पालथं, शिक्का आणि 'मा' वर; आणि दोन्ही मिळून एकाच जाड प्लॅस्टिकमध्ये गरम यंत्रातून काढून कायमचं लॅमिनेशन. गंगम्मानं वर कुंकवाचं बोटही लावलं होतं.

"आता शंभर वर्सं पान्यात पडलं तरी काय व्हत न्हाय," सोमलिंग म्हणाला. "तुला परत द्याचं म्हनून नीट केलं. पर आई म्हनती, हितंच ऱ्हाऊ दे."

जगातल्या कुठल्याही जाणकारानं ते पाहिलं असतं तर चष्मा काढला असता. मल्लिकार्जुनरावांनी लॅमिनेशनची एक कड बोटानं चाचपली. "झकास झालंय," ते म्हणाले. "इथंच राहू दे." आणि त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं की यातलं निम्मं खरं होतं.

परत निघताना एसटीच्या थांब्यावर एक अनोळखी म्हातारा त्यांच्याकडं निरखून बघत होता. शेवटी त्यानं शेजारच्याला विचारलं, "डबा म्हंत्यात त्ये हेच का?"

"व्हय व्हय," शेजारचा आनंदानं म्हणाला. "भाकरी दोन!"

सोमलिंगनं गावात गोष्ट नीट सांगितली होती, एकही नोंद न गाळता. आता माकणीत डबा म्हटलं की लोक माणिकप्पांचं जुनं दुकान दाखवतात. एसटीत बसल्यावर शिवरंजनीबाईंनी पदर तोंडाला लावून विचारलं, "अहो, ह्ये किती दिवस चालायचं?"

मल्लिकार्जुनरावांनी खिडकीतून गावाकडं पाहिलं. "नियमानं तीस वर्षं," ते म्हणाले. "एक महिना झालाय."